मुंजाची सोडमुंज आणि रविवारचे इतर उद्योग

दौतटाक:

इथे शेवटचं लिहून आठ महिने झाले. पोटासाठी रोज पंधरा-वीस पानं खरडणारी बाई स्वतःच्या चार ओळी लिहायला बसली की हटकून कपाट आवरायला उठते, तसं चाललंय. आज मात्र लिहायचंच ठरवलंय कारण डोकं भरलंय आणि घरात ऐकून घेणारं कोणी उरलं नाही, नवरा म्हणाला तुझ्या त्या मंडळींना सांग जा.

नवीन लोकांसाठी, मी एका रोजच्या मालिकेचे संवाद लिहिते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, मी तिसरी. कोण कोणाच्या घरात कधी घुसणार, कोण जिन्यावरून काय ऐकणार हे सगळं वरून ठरून येतं, मी फक्त तोंडात शब्द घालायचे. बावीस-एक मिनिटांचा एपिसोड, आठवड्याला सहा. गुरुवारी टीआरपी येतो आणि शुक्रवारपर्यंत अख्खा ट्रॅक फिरलेला असतो, मेलेला माणूस कोमात निघतो वगैरे. गेल्या महिन्यात घोडबंदर रोडला रिक्षात अडकून मोबाइलवर सीन टाइप करत होते आणि सेटवरून फोनवर फोन, मॅडम आर्टिस्ट सातला निघणारेत, पहिलं पान तरी टाका. टाकलं. त्यात सासू म्हणते, 'मला सगळं कळलंय.' काय कळलंय ते मलाही माहीत नव्हतं, ते दुसऱ्या पानावर ठरलं.

अशात मे महिन्यात एका दिवाळी अंकाचा फोन. अडीच हजार शब्दांत भयकथा, जूनअखेर द्या. (१९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी लेखक भर उन्हाळ्यात घाम पुसत फराळाचं लिहितोय.) मानधनाचा आकडा मी इथे लिहीत नाही, लिहिला तर हीच भयकथा होईल. हो म्हटलं आणि बसले. वाडा, पाऊस, लाइट गेली, दारावर थाप. पुढे काही नाही. सवयीने मी कंसात 'म्युझिक स्टिंग' पण लिहून ठेवलेलं. तीनदा डिलीट केलं.

आता नादाबद्दल. भाच्याने एका वेब सिरीजमध्ये बघून डंजन्स अँड ड्रॅगन्सचा हट्ट धरला होता. १९७४ चा अमेरिकन खेळ, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एकजण जग सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आपण काय करतोय ते बोलून दाखवतात, आणि जमेल की नाही अशी शंका आली की वीस पैलूंचा फासा टाकायचा. जिंकणं-हरणं असं काही नाही, गोष्ट पुढे सरकली की झालं. एका संचात फासे सात, चार पैलूंपासून वीसपर्यंत. आमची पार्टी म्हणजे भाचा (सातवीत), नवरा, नाटकांचं साऊंड करणारी माझी कॉलेजची मैत्रीण, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, बँकेतून रिटायर झालेल्या, ज्या खरं तर डबा परत द्यायला आल्या होत्या आणि बसल्या त्या बसल्याच.

पहिले दोन रविवार फसले. मी पुस्तकातलं सरळ मराठीत सांगायला गेले, तुम्ही एका टॅव्हर्नमध्ये बसला आहात. काकू म्हणाल्या, "टॅव्हर्न म्हणजे बार का गं? मग मी बाहेर थांबते." आणि खरंच त्यांचं पात्र पुढचा दीड तास बाहेर थांबलं.

तिसऱ्या रविवारी सगळंच बदललं. टॅव्हर्नचं झालं एसटी स्टँडसमोरचं चहा-उसळीचं हॉटेल, ड्रॅगन गेला, आणि जंगलाच्या जागी आलं माझं आजोळ, वेंगुर्ल्याकडचं. पात्रं पण मग आपसूक बदलली. नवरा झाला नोकरी गेलेला एसटी कंडक्टर, तिकिटाच्या पेटीने लोकांना हाणतो. मैत्रीण गावची सुईण. भाचा पखवाजवाला, तो बोल वाजवला की मंत्र लागू पडतात. काकू कुलपं उघडणाऱ्या चोर, बँकेत ३४ वर्षं दुसऱ्यांची लॉकर्स बघितली आता स्वतः उघडते म्हणाल्या.

आणि भुतं कोकणातली. तुमच्यापैकी कोणी आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या वहाणा बघितल्यात का? चामड्याच्या, माझ्या तेव्हाच्या हातापेक्षा लांब. आजीने सांगितलेलं की देव रात्री गावाभोवती फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून नव्या द्यायच्या. तिचं लक्ष नाही बघून मी एक वहाण वाकून खालून बघितली होती. तळ झिजला होता. म्हणजे मी सहा वर्षांची होते, मला झिजलेला दिसला. पण ती भीती आणि तो वास, नवं चामडं, उदबत्ती आणि केळीच्या घडांचा पिकट वास, हे सगळं मला त्या रविवारी बोलता बोलता आठवलं, आठ वर्षं संवाद लिहून एकदाही नव्हतं आठवलं.

पण घोळ असा की मूळ खेळाची सवय मारामारीची. राक्षस दिसला, मारला, पॉइंट घेतले. पहिला मुंजा पिंपळावर दिसल्याबरोबर भाचा ओरडला, "ॲटॅक!" तर काकू, "अरे मारतोस काय, तो आधीच मेलाय."

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच. मी चहा टाकायला उठले आणि चहा उकळेपर्यंत नियम ठरवला. भुताला हिट पॉइंट (म्हणजे मार खाऊन संपत जाणारा जीव) नाहीत. भुताचं काहीतरी 'राहिलेलं' असतं. ते काय ते शोधायचं आणि मग गाऱ्हाणं घालायचं, जसं कोकणात देवाला घालतात तसं, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाण्यात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत, तू कोण, तुझं काय राहिलं, आम्ही काय देणार. तिन्ही नीट आल्या तर फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा धरायचा.

मग मुंजाचं गाऱ्हाणं भाच्याने घातलं. मुंज झाल्यावर आणि सोडमुंज व्हायच्या आधी जो मुलगा जातो तो मुंजा होतो एवढंच मी त्याला सांगितलेलं. तो थोडा वेळ गप्प बसला (त्याची स्वतःची मुंज दोन वर्षांपूर्वी झाली, त्याला घड्याळ हवं होतं आणि चांदीची वाटी मिळाली) आणि मग म्हणाला, "बा मुंजा, तू माझ्याएवढो आसस." त्याला मालवणी येत नाही, आजीचं ऐकून ऐकून तेवढंच. व्हय म्हाराजा. "तुझी मुंज झाली पण पुढचं काहीच झालं नाही." व्हय म्हाराजा. "सगळे तुला घाबरतात म्हणून कोणी खेळायला येत नाही." व्हय म्हाराजा, यावेळी आवाज जरा कमी. "तर आम्ही तुझी सोडमुंज करतो, मग तू जा."

फासा पडला ४ आणि १७. लागायचे होते १५.

मग आम्ही खरोखर सोडमुंज केली हो. म्हणजे बोलूनच. काकूंना विधी थोडेफार माहीत होते, त्यांनी सांगितलं मेखला सोडायची, काशीला निघायचं, मामाने अडवायचं. मामा कोण, तर नवरा म्हणाला मी, आणि कंडक्टरने मुंजाला काशीचं तिकीट फाडून दिलं. हाफ तिकीट. पिंपळ रिकामा झाला, मी वर्णन केलं की वारा नसताना पानं हलायची ती थांबली, आणि कोणी काही बोलेना. मैत्रीण नंतर लिफ्टपाशी म्हणाली, हे तू का लिहीत नाहीस?

तर तेच. लिहायला घेतलंय. तुमच्याकडून हवंय ते असं. एक, पात्रांचे जे सहा गुण असतात त्यांना धड मराठी शब्द. मी ताकद, चपळाई, काटकपणा, हुशारी, शहाणपण इथवर आलेय, कॅरिस्माला काय म्हणू? आणि हुशारी आणि शहाणपण यातला फरक काकूंना पटत नाहीये. दोन, तुमच्याकडच्या भुतांचं काय काय राहिलेलं असतं ते सांगा. पुस्तकातलं नको, घरात ऐकलेलं.

ठाणे_स्लो:

पहिला नंबर माझा!! हाफ तिकिटाला वारलो. कंडक्टर सुट्टे पण मागतो का भुताकडे?

दौतटाक:

मागतो. चकव्याकडे मागितले होते, त्यात दोन तास गेले.

फणसाची_आठळी:

दौत, किती दिवसांनी गं. वाचनखूण साठवलीये. काकूंना असं सांग, फणस कसा कापायचा हे माहीत असणं म्हणजे हुशारी, आणि कापायच्या आधी हाताला तेल लावणं म्हणजे शहाणपण. कॅरिस्माला 'छाप'. छाप पाडणे म्हणतोच की आपण.

ठाणे_स्लो:

छाप म्हणजे छापा-काटा वाटतं फाशांच्या खेळात. 'वजन' बरं. त्याचं साहेबाकडे वजन आहे.

फणसाची_आठळी:

मग ताकदीशी घोळ होणार, काकू विचारतील किलोमध्ये का. छापच.

रातांबा:

माका ह्या वाचून आमच्या जत्रेची याद इली. दौतटाकबाय, तुम्ही ज्या खेळाक अमेरिकेक गेलात तो आमच्या मांगरामागे रातभर चलता.

बाकीच्यांसाठी प्रमाण मराठीत लिहितो. दशावतारात संहिता नसते. कंपनी गावात येते, पेटारे उतरतात, आणि रंगपटात तोंडाला रंग लावता लावता आज कुठलं आख्यान ते ठरतं, कोण राजा कोण राक्षस कोण ऋषी आणि कुठून कुठे जायचंय एवढंच. बाकी संवाद उभ्या उभ्या. समोरच्याने काय टाकलं त्यावर आपण काय द्यायचं, पायपेटीवाला आणि पखवाजवाला त्यांच्या तोंडाकडे बघून वाजवणार. आधी आडदशावतार होतो, त्यात संकासुर येऊन गावातल्याच माणसांची मस्करी करतो, मग आख्यान, ते पहाटे दहीकाल्यापर्यंत. स्त्रीपार्टी पण पुरुषच. माझा चुलता एका कंपनीत होता, दिवसा काजूच्या बागेत काम आणि रात्री द्रौपदी. तो सांगायचा की समोरचा नट चुकून आख्यानाबाहेर गेला तर त्याला लोकांसमोर चूक दाखवायची नाही, त्याच्या चुकीतूनच वाट काढून त्याला परत आणायचा. तुमचा भाचा ॲटॅक म्हणाला आणि काकूंनी त्याला आणला ना, तसाच.

आणि एक विनंती, देवचाराला कृपा करून राक्षसात टाकू नका. देवचार राखणदार. आमच्याकडे रात्रीचं चुकलेल्याला चूड दाखवत घरापर्यंत सोडतो असं म्हणतात, फक्त मागे वळून बघायचं नाही. त्याचं राहिलेलं काही नाही, राहिलेलं आपलं असतं. वर्षाचा रोट दिला का, विडी ठेवली का. विसरलात तर बैल खुंट्यावर असून सापडत नाही.

दौतटाक:

रातांबा, दंडवत घ्या. मी लहानपणी जत्रेत दशावतार बघितलाय पण संकासुर गेला की झोपायचे, त्यामुळे हे डोक्यातच आलं नव्हतं. तुमच्या चुलत्यांचं ते चुकीतून परत आणायचं वाक्य मी माझ्या टेबलासमोर लिहून लावलंय. आमच्याकडे मालिकेत उलटं आहे, आर्टिस्टने एक शब्द बदलला तर क्रिएटिव्हचा फोन येतो.

देवचाराचं पटलं. 'राहिलेलं आपलं असतं' हा वेगळाच नियम झाला, म्हणजे तिथे फासा आपल्यावर.

शंकेखोर:

लेखन ओघवतं आहे, पण कोणीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतर आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला. हे सगळं कालपरवाचं आहे. आणि आपण इथे बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडून भुताला गाऱ्हाणं घालून घेतोय आणि कौतुक करतोय. गावात आजही मांत्रिक 'काय राहिलंय' हेच विचारतो आणि कोंबडा मागतो.

दुसरं. ही भुतं नीट बघा कोणाची आहेत. समंध कोण, ब्राह्मण. झोटिंग कोण, तर कोळी नाहीतर खारवी. खवीस मुसलमान. मेल्यावर पण जात सुटली नाही यांची. तुम्ही ते जसंच्या तसं उचलून मुलांच्या खेळात आणताय याचा विचार केलाय का?

ठाणे_स्लो:

आले. इनो घ्या कोणीतरी.

दौतटाक:

ठाणे_स्लो, नको तसं, मुद्दा बरोबर आहे त्यांचा.

शंकेखोर, दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. समंध ठेवलाय, कारण तो माझ्याच घरातला आहे, पैशांवर बसून राहिलेला म्हातारा, असे दोन काका जिवंतपणी बघितलेत. खवीस आणि झोटिंग मी वापरलेच नाहीत. आधी विसरले म्हणून, आणि आता तुम्ही लिहिल्यावर मुद्दाम. पण नुसतं वगळलं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही हेही कळतंय. उद्या कोणी खारवी घरातला माणूस खेळायला बसला आणि म्हणाला आमचं भूत कुठाय, तर?

पहिल्याला मात्र नाही म्हणते. माझा भाचा भुतांवर विश्वास ठेवत नाही, त्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, तो तू आहेस, मुंजाचा आवाज तूच काढतेस." मांत्रिकाकडे गेलेल्या माणसाला प्रश्न विचारायची सोय नसते, इथे दर पाच मिनिटांनी काकू प्रश्न विचारतात आणि मला उत्तर द्यावं लागतं. आणि कोंबडा कोणी मागितला नाही, वडे मी स्वतःहून करते.

शंकेखोर:

आवाज तूच काढतेस, हे आवडलं. बाकी मतभेद कायम. वडे कसले?

मिशिगनकर:

मी इथे १९८३ साली एमएस करायला आलो. होस्टेलवर तीन गोरी पोरं शुक्रवारी रात्री हा खेळ खेळायची, मला घ्यायची नाहीत कारण माझं इंग्लिश त्यांना कळायचं नाही आणि त्यांचं मला. एकदा एकजण आजारी पडला म्हणून बसवलं. मी बोललोच नाही फारसं, पण फासा चांगला पडला म्हणून पुढच्या शुक्रवारी पण बोलावलं. माझी या देशातली पहिली ओळख ती.

शंकेखोर यांच्यावरून आठवलं. त्या काळात इथेही हीच आरडाओरड होती, चर्चवाले म्हणायचे या खेळाने पोरं सैतानाच्या नादी लागतात. १९७९ मध्ये आमच्याच मिशिगनमध्ये, मिशिगन स्टेटमधला एक विद्यार्थी काही दिवस बेपत्ता झाला, तर पेपरांनी खापर खेळावर फोडलं. युनिव्हर्सिटीखालच्या वाफेच्या बोगद्यात तो खेळ खेळायला उतरला आणि हरवला अशी कहाणी पसरली. खरं कारण खेळ नव्हताच, पोरगं आधीपासून खचलेलं होतं. पण नाव खेळाचं झालं ते बरीच वर्षं पुसलं नाही.

आणि दौतटाक, पुढेमागे छापायचं मनात असेल तर एक माहिती. या खेळाच्या मूळ नियमांचा एक मोठा भाग २०२३ च्या जानेवारीत कंपनीने क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला आहे. श्रेय देऊन वापरता येतो, धंद्यासाठीही. तुमचा गाऱ्हाण्याचा नियम तर तुमचाच आहे.

विदाबिंदू:

आकडेवाला आला. १५ किंवा जास्त पाहिजे असेल तर एका फाशात शक्यता ३० टक्के. दोन टाकून मोठा घेतलात तर ५१. म्हणजे नीट गाऱ्हाणं घातलं तर निम्म्याहून जरा जास्त, हा फरक चांगला आहे, खेळ फार सोपा पण होत नाही. २० पडायची शक्यता ५ वरून ९.७५ वर जाते.

ज्यांच्याकडे वीस पैलूंचा फासा नाही त्यांनी मागवायची गरज नाही. घरात तांबोला असेल ना, त्यातले १ ते २० नंबर एका पिशवीत घाला आणि काढा. फक्त काढलेला नंबर दर वेळी परत टाकायचा, नाहीतर गणित बिघडतं. कवड्या वापरू नका असं माझं मत. सहा कवड्या टाकल्या तर तीन उताण्या पडायची शक्यता सर्वात जास्त, सगळ्या उताण्या साधारण ६४ त एकदा, ते पण कवडी दोन्हीकडे सारखी पडते असं धरून, आणि ती पडत नाही.

फणसाची_आठळी:

विदाबिंदू, तुमची हुशारी १८ आणि शहाणपण ९. कवड्यांचा आवाज कोण मोजणार?

डॉ_निवांत:

रात्रपाळीत वाचतोय, त्यामुळे तुटक. सुईण पार्टीत आहे म्हणजे हडळ येणारच, म्हणून लिहितो. बाळंतपणात किंवा ओली बाळंतीण असताना गेलेली बाई हडळ होते, हे आमच्या वॉर्डात उभं राहून वाचलं तर वेगळंच दिसतं. रक्त जाऊन पांढरीफटक पडलेली, किंवा सुईणीच्या हातातून जंतू जाऊन तापात बरळणारी. झटके येणारी, त्यात अंग धनुष्यासारखं ताणलं जातं, डोळे फिरतात, आणि हे झटके मूल झाल्यावरही येऊ शकतात. घरच्यांनी हे बघितलं आणि त्याला बाधा म्हणाले. म्हणजे जी बाई उपचाराविना गेली तिलाच पुढे शंभर वर्षं घाबरत राहिले. तिचं काय राहिलं हे विचारायचं असेल तर भाच्याच्या वयाला जपून, पण विचारा जरूर.

दौतटाक:

डॉक्टर, हे वाचून मी काल रात्री झोपले नाही आणि आज सीन उशिरा गेला. मैत्रिणीला फॉरवर्ड केलंय. तिची सुईण आहे आणि ती आत्तापर्यंत गमतीत घेत होती सगळं.

(अवांतर: गिऱ्ह्यावर एक लिहितेय, पाण्यातलं भूत, ओढ्याच्या उतारावर बसणारा. पण अंकाच्या डीटीपीवाल्यांकडे फाइल गेली की युनिकोडचं त्यांच्या फाँटमध्ये करताना 'गिऱ्हा'चा 'गिर्हा' होतो, रफार डोक्यावर. त्याच्या शेंडीचा केस हातात आला तर तो गुलाम होतो असं आजी म्हणायची, इथे ऑपरेटरने नुसता र उचलला आणि गेलं भूत.)

रातांबा:

:D गिऱ्हो तसो पण अर्धोच दिसता.

दौतटाक:

धागा वर काढतेय. पाच आठवडे झाले, दोन बातम्या आहेत.

आधी हडळीची. गेल्या रविवारी भाच्याची क्रिकेटची मॅच होती म्हणून तो नव्हता, तेव्हाच घेतलं. विहिरीपाशी बाई बसलेली, पुढून नीट, पाठीमागून पोकळ, तेच जे सगळ्यांनी ऐकलंय. गाऱ्हाणं सुईणीने घालायचं होतं. तिने सुरू केलं, तू कोण, व्हय म्हाराजा, आणि मग 'तुझं काय राहिलं'पाशी थांबली. मला वाटलं ती 'मूल' म्हणेल, मी तशी पुढची तयारी पण केली होती, कागदावर लिहून. ती म्हणाली, "तुझं काय राहिलं ते मला माहितीये, कारण त्या रात्री मी आले होते. माझे हात धुतलेले नव्हते." खेळात कुठेच ठरलेलं नव्हतं हे. नवरा व्हय म्हाराजा म्हणायचं विसरला. काकूंनी हळूच म्हटलं.

फासा पडला ३ आणि ६. नाही लागला. हडळ गेली नाही. सुईण म्हणाली मग मी इथेच बसते विहिरीपाशी, तिला एकटी नको. आणि आम्ही तिथेच खेळ थांबवला, मैत्रीण तशीच बसलीये अजून, म्हणजे तिचं पात्र. पुढच्या वेळी काय करायचं मला खरंच माहीत नाही, आणि मला ठाऊक नसणं इतकं बरं वाटतंय की विचारू नका, कामावर मला महिनाभर आधीच सगळं ठाऊक असतं.

दुसरी बातमी दिवाळी अंकाची. मुंजाची गोष्ट पाठवली. संपादक सज्जन आहेत, दोन दिवसांत फोन आला. म्हणाले छान आहे, डोळ्यांत पाणी आलं, पण घाबरायला होत नाही. शेवटी मुंजा परत येतो असं करता येईल का? सोडमुंजीनंतर पिंपळावर पुन्हा हालचाल, असं काहीतरी. मी म्हटलं बघते. दोन दिवस बघितलं. तो गेलाय हो, हाफ तिकीट घेऊन गेलाय, त्याला मी परत कुठून आणू?

मग त्या डिलीट केलेल्या वाड्याला ट्रॅशमधून काढलं, पाऊस, लाइट, थाप, तीन तासांत अडीच हजार शब्द, म्युझिक स्टिंग सोडून. पाठवलं. अर्ध्या तासात 'अप्रतिम' असा मेसेज आणि बँकेचा तपशील मागितला. त्याबद्दल मी काही बोलणार नाही, वाण्याचं बिल त्यातूनच जाणारे.

फणसाची_आठळी:

आणि मुंजा?

दौतटाक:

मुंजा आहे. मिशिगनकर काकांनी सांगितलेलं लायसन्स वाचून काढलं, भाचा आणि मी मिळून एक छोटी पुस्तिका करतोय, नियम आणि सात भुतं, प्रत्येकाचं एक पान आणि 'राहिलेलं'ची जागा रिकामी, ज्याने त्याने भरायची. शंकेखोर, प्रस्तावनेत तुमचा आक्षेप घेतलाय, परवानगी असेल तर आयडीसकट.

शंकेखोर:

घ्या. पण वड्यांचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

दौतटाक:

कोंबडीवडे. हो, म्हणजे कोंबडी आलीच शेवटी. तुमच्यासाठी काळ्या वाटाण्याची उसळ करेन, या कधी ठाण्याला.

विदाबिंदू:

पुस्तिकेत तांबोल्याची आयडिया टाकणार ना?

दौतटाक:

टाकलीये. आम्ही स्वतः आता पिशवीच वापरतो, सोफ्याखाली गेलेला फासा काढायला काकूंना वाकता येत नाही. फक्त आमच्या तांबोल्यातला १३ नंबर हरवलाय, त्याच्या जागी नवऱ्याच्या शर्टाचं बटण घातलंय. हाताला लगेच कळतं ते बटण आहे, आणि भाचा ते मुद्दाम सोडून दुसरं काढतो असा काकूंना संशय आहे.